चवळीखाऊ

झान कोनेच्या त्या पत्राला फातोगोमाने कधी उत्तर दिलं नव्हतं. पत्र परदेशातून आलं होतं, मोठ्या स्पर्धेच्या गावाहून. "गुलामा," झानने लिहिलं होतं, "आठशे मीटरच्या शेवटच्या वळणावर मी मागं वळून पाहिलं. 'चवळीखाऊ' म्हणून ओरडणारं कुणीच नव्हतं. मग पळायचं कशासाठी? शेवटचा आलो. दोष तुझा. बोल, काय म्हणणं आहे?"

त्राओरे आणि कोने. या दोन आडनावांच्या माणसांनी एकमेकांना 'गुलाम', 'चवळीखाऊ' म्हणत टिंगल करायची आणि कुणी रागवायचं नाही, हे पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. त्यांच्या गावी, सेगूत, नदीकाठच्या लाल वाटेवर दोघं रोज पळायचे. झान पुढे, आणि फातोगोमा त्राओरे त्याच्या टाचांमागे, शिव्या घालत. जाळी विणणारे कोळी हातातलं काम टाकून हसायचे. त्या शिव्यांच्या जोरावर झान देशातला सगळ्यात वेगवान धावपटू झाला. फातोगोमा शाळामास्तर झाला.

उत्तरं त्याने पुष्कळ लिहिली. पण तोंडाने दिलेली शिवी हसते; कागदावर उतरली की नुसती शिवीच दिसायची. मास्तर वाचायचा, खोडायचा, पुन्हा लिहायचा. झान परत आला, दूर कायेसला रेल्वेत लागला, निवृत्तही झाला. उत्तर राहूनच गेलं.

आज सकाळी झानची बहीण सितान अंगणात येऊन उभी राहिली.

"त्राओरे, जिवंत आहेस होय? मला वाटलं, चवळी खाऊन पोट फुटलं असेल."

"तुझ्या हातची खाल्ली असती तर फुटलंच असतं. बस."

ती हसली, बसली, आणि मग तिचा चेहरा उतरला. "झानचा पाय कापला रे. गुडघ्याखाली. मधुमेहानं."

फातोगोमाने चहाचा पेला खाली ठेवला.

"भिंतीकडं तोंड करून पडलाय. जेवत नाही. माणसं येतात, हळू आवाजात बोलतात, देवाचं नाव घेतात, डोळे पुसून जातात. डॉक्टर म्हणतात, असाच पडून राहिला तर काही खरं नाही. परवा एकच वाक्य बोलला."

"काय?"

"'त्राओरे म्हणून जगात कुणी उरलाच नाही का?'"

ती गेल्यावर मास्तर लिहायला बसला. 'प्रिय मित्रा, वार्ता ऐकून मन व्यथित झाले.' अक्षर सुरेख आलं होतं. त्याने ते वाचलं. झानच्या खाटेशी आणखी एक माणूस हळू आवाजात बोलत बसल्यासारखंच ते वाटलं. त्याने कागद फाडला, एक कार्ड घेतलं आणि न थांबता, न खोडता लिहिलं. मग उन्हातून टपाल कचेरी गाठली.

खिडकीतल्या मुलीने पत्ता पाहण्यासाठी कार्ड उलटं केलं आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"बाबा, हे काय? 'चवळीखाऊ, ऐकलं की एक पाय आधीच पुढं पाठवून दिलास. पुढं पळायची तुझी खोड काही जात नाही. आता उरलेला घेऊन सेगूला ये, म्हणजे मला तुला गाठता तरी येईल.' पाय गेलेल्या माणसाला असं लिहितात?"

रांगेतली माणसं बघायला लागली. फातोगोमाचे कान तापले. शेवटी कागदावर शिवीच दिसली. कार्ड परत घेण्यासाठी त्याने हात पुढे केला.

तिने ते सोडलं नाही. ती पुढचं वाचत होती. "'भिंतीकडं बघत पडलायस म्हणे. वळून बघ, गुलामा. मी मागंच आहे.'" मग तिची नजर खालच्या सहीवर गेली, तिथून पत्त्यावरच्या नावावर, आणि ती एवढ्या जोरात हसली की रांगही हसली.

"कोने! आधी सांगायचं ना बाबा! मी पण त्राओरे."

तिने कानावरची पेन्सिल काढली. कोपऱ्यातल्या इवल्याशा जागेत लिहिलं, 'येताना चवळी स्वतःची आण. — आणखी एक त्राओरे.' मग तिकिटावर धाडकन शिक्का मारला आणि कार्ड कायेसच्या थैलीत टाकलं.