अंजनाबाईंची आरोळी

"तुझी झुई काल टीव्हीवर होती," अंजनाबाई म्हणाल्या. जवळा निवडताना त्यांनी मान वर केली नाही.

समीक्षाने दार लोटून घेतलं. "पाहिलंस?"

"पाहिलं ना. माझी आरोळी मारली तिने. मुलाखत घेणाऱ्याने विचारलं, ही कुठून आणली? तर म्हणते, विमानात डोळा लागला होता, तेव्हा सुचली." त्या हसल्या. "तीस वर्षं टोपली घेऊन पायी फिरले गो मी. विमानात कधी बसले?"

समीक्षाचे कान तापले. तीस वर्षं आई अंधेरीच्या सोसायट्यांमधून मासे विकत होती. 'मांदेली' अशी हाक देताना पहिला सूर ती छातीतून ताणायची आणि शेवटचा एकदम वर उडवून सोडून द्यायची. तिसऱ्या मजल्यावरच्या बायका खाली डोकावतही नसत. सरळ ताट घेऊन जिना उतरत. आधी येऊन गेलेली कोळीण स्वस्त देत असली, तरी हिच्यासाठी थांबत. तीच आरोळी आता झुईच्या प्रत्येक गाण्याच्या तोंडाशी होती. हळदीत वाजत होती, रिक्षात वाजत होती.

"तुला राग नाही येत?"

"आरोळीचा कसला राग? ती वाऱ्यावरच सोडायची असते. पण कोणी विचारल्यावर खोटं का बोलावं? कोळणीचं नाव घेतलं तर तोंडाला वास येतो काय?"

"येतो ना," धाकटा भाऊ अल्पेश मोरीतून हात पुसत बाहेर आला. "उंची अत्तर लावते ती."

"तू गप रे." अंजनाबाई समीक्षाकडे वळल्या. "तिला सांग, एकदा नाव घे म्हणावं. बस."

"सांगेन."

"कधी?"

"वेळ बघून."

"वेळ बघून," अंजनाबाईंनी तिची नक्कल केली आणि जवळ्यातला केर बाजूला टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका सोसायटीच्या जिन्यापाशी टोपली उतरवून त्या टेकल्या, त्या उठल्याच नाहीत.

तेराव्याला अख्खा वेसावा कोळीवाडा घरी जेवून गेला. माणसं पांगल्यावर अल्पेशने पत्रावळी गोळा करता करता विषय काढलाच. "आईला जाऊन इतके दिवस झाले. झुईच्या तोंडून एक अक्षर नाही. लाज कशी वाटत नाही?"

"मलाही तेच कळत नाही," समीक्षा म्हणाली. आणि ते खरं होतं. तिने जन्मात कोणाचा इतका तिटकारा केला नव्हता.

पुढच्या महिन्यात अंधेरीत पुरस्कारांचा मोठा सोहळा होता. अल्पेश यायला तयार नव्हता. समीक्षाने त्याला ओढून नेलं. दोघं पुढच्या रांगेत बसले.

मंचावर मार्तंड प्रधान नावाचे समीक्षक बोलत होते. "नामांकित चेहरे आज इथे पुष्कळ आहेत. चेहरा काय, जाहिरातीनेही ओळखीचा होतो. पॉपस्टारची गोष्ट वेगळी. दिवे घालवा, नाव सांगू नका. नुसता एक सूर कानावर पडला की माणसं जागची उठतात. असा सूर कोणाकडून घेता येत नाही. झुईसारखा तो आतूनच यावा लागतो."

दिवे गेले. ती आरोळी घुमली. सगळं सभागृह उभं राहिलं.

समीक्षाने खुर्चीचा हात घट्ट धरला. आतूनच? कोणाच्या आतून? आणि जिच्यासाठी हे सगळे उभे होते, ती टोपली घेऊन आली असती तर यांच्याच माणसांनी तिला फाटकावरून हुसकून लावलं असतं. तिसऱ्या मजल्यावरच्या बायकांना जे न सांगता कळत होतं, ते या जाणकारांच्या गावीही नव्हतं. पण त्यांना कळणार तरी कसं? ज्या तोंडाने सांगायचं, ते बंद होतं.

शेजारी अल्पेशही बसूनच राहिला होता. "बघ आता," तो पुटपुटला. "मुकाट बक्षीस घेईल आणि हसेल."

"नाही घेणार."

"तुझा अजून भरवसा आहे तिच्यावर?"



निवेदिकेने झुईचं नाव पुकारलं. प्रकाशाचा झोत पुढच्या रांगेवरून सरकत सरकत समीक्षावर येऊन थांबला. ती उठली, पायऱ्या चढली आणि टाळ्या थांबेपर्यंत माइकसमोर उभी राहिली.

"मी खोटं बोलले होते," ती म्हणाली. "ही आरोळी वेसाव्याच्या अंजनाबाई कोळणीची. ती माझी आई."