एक नोव्हेंबरची सुट्टी

रोदेल फिलिपिन्समधल्या सेबूतल्या घरात बसून सहा वर्षं डेन्मार्कच्या कंपनीचं काम करत होता. कागदावर मात्र त्याची मालक मनिलाची एक कंपनी, जिनं त्याला कधी पाहिलंही नव्हतं. तो गेल्यावर पुष्पचक्र आलं ते तिच्याच नावाचं. हे नाव घरात कुणाच्या ओळखीचं नव्हतं; चुकून आलं असेल म्हणून नातेवाईक ते शेजारी पाठवायला निघाले होते, इतक्यात त्या कंपनीची मारिविक स्वतःच आली.

"कामाला कसा होता हो तो?" रोदेलच्या बायकोनं, नेनितानं, विचारलं.

"काम तिकडचे बघायचे, ताई. मी फक्त पगार आणि रजा. रजा फार घेत नसे."

"घेईल कसा? तो मेला डेन्मार्कवाला एक नोव्हेंबरलासुद्धा सोडायचा नाही! सगळं गाव आपापल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतं आणि मी लेकीच्या कबरीवर एकटी. त्याला शिव्या घालत."

"असं कसं होईल? कागदावर मालक आम्ही, म्हणजे सुट्ट्या इथल्याच. एक नोव्हेंबरला त्याला दरवर्षी सुट्टी होती, ताई."

नेनितानं कॉफीचा कप खाली ठेवला.

"मग लेकीच्या खोलीत दार लावून तो दिवसभर कुणाशी बोलत असायचा?"