कुवेतचे साहेब

हरेश्वर अंगणात शिरला आणि त्याला पाहताच थॉमस खुर्चीवरून उतरून सरळ जमिनीवर उकिडवा बसला. चहात बुडवलेला पाव हातातून पडला, तरी बसलाच. दोन्ही हात गुडघ्यांवर, मान खाली. जेलात हवालदार बराकीत आला की कैद्यांनी जसं बसायचं असतं, अगदी तसं.

हरेश्वरच्या अंगावर आज वर्दीसुद्धा नव्हती. चुरगळलेला शर्ट, पायांत रबरी चपला. उद्या आगाशीच्या घरी लेकीची, मनालीची, हळद होती. राजोडीच्या रस्त्यावरच्या या वाडीत केळीची पानं चांगली मिळतात असं कोणीतरी सांगितलं, म्हणून तो स्कूटर काढून आला होता. आपल्या बराकीतला हा जन्मठेपेचा कैदी चार दिवसांपूर्वी रजेवर सुटलाय, वसईकडचाच आहे, एवढं त्याला ठाऊक होतं. वाडी त्याचीच निघेल हे कुठून ठाऊक असणार?

“का रे, खाली का बसलास?” ओट्यावरून म्हातारीनं विचारलं. ही एमिलीबाय, थॉमसची आई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण पोरगा खाली बसलेला तेवढा बरोबर दिसला.

“पाव पडला, आय. उचलतोय.”

“आनि हे कोन आलंत?”

थॉमस उभा राहिला. पूर्ण खोटं सुचायला वेळ मिळाला नाही बिचाऱ्याला. “साहेब आहेत आमचे,” तो म्हणाला.

“कुवेतचे?” म्हातारी केवढी खूश झाली. “या, या. जेसिका, चहा टाक गो साहेबांना.”

जेसिका, थॉमसची वहिनी, पानं कापायचा कोयता घेऊन बाहेर येत होती. ती हरेश्वरच्या जवळून जाताना पुटपुटली, “आठ वर्षं तिला कुवेतच सांगितलंय, दादा. मोडू नका.”

बरं, कुवेत तर कुवेत. ज्यानं विमानाला कधी हात लावला नव्हता, तो हरेश्वर ओट्यावर म्हातारीशेजारी टेकला. “मीही सुटीवर आलोय, मावशी.”

“बरं झालं भेटलात. हा काही सांगतच नाही हो. जेवतो काय, झोपतो कुठं, विचारलं की ‘बरं आहे’. लहानपनी तोंडाचा पट्टा बंद नसायचा याचा. कामाला कसा आहे?”

“चांगला आहे. सुतारकामात हात बसलाय. उलट उत्तर देत नाही कधी.”

हे मात्र खरं होतं. गेल्या महिन्यात रांगेत मागे रेंगाळला म्हणून हरेश्वरनं त्याच्या कानाखाली वाजवली होती, तेव्हाही त्यानं उत्तर दिलं नव्हतं.

म्हातारीनं चाचपडत हरेश्वरचा हात शोधला आणि दोन्ही हातांत धरून ठेवला. “रागावता का त्याला?”

“नाही, मावशी.”

उजवाच हात होता तो. हरेश्वरला लाज वाटली. सोडवून घ्यावा असं वाटलं, पण धरला होता तिनं घट्ट.

“तिकडं आई-बाप तुम्हीच त्याचे. मी चौऱ्याऐंशीची झाले. फादर दोनदा येऊन मरनाआधीचं तेल लावून गेले, दोन्ही वेळा मी उठून बसले. आता तिसऱ्यांदा काही उठायची नाही. मला एकच सांगा साहेब, कंपनी याला कधी सोडनार?”

अंगणात थॉमस मान खाली घालून उभा होता.

तेवीस वर्षांच्या नोकरीत हरेश्वरनं एकाही कैद्याला सुटकेबद्दल चकार शब्द सांगितला नव्हता. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात जुन्या जमादारानं बजावलं होतं, वेळ पडली तर शिवी दे, बिडी दे, पण तारीख देऊ नकोस. तारखेवर माणूस जेवण सोडतो, झोप सोडतो, आणि ती टळली की पंख्याकडे बघायला लागतो. थॉमसची चौदा वर्षं भरेपर्यंत त्याची फाइल जागची हलणार नव्हती. म्हणजे अजून सहा वर्षं. हे हरेश्वरला पाठ होतं आणि थॉमसलाही.

“लवकरच, मावशी,” हरेश्वर म्हणाला. “वर्षाच्या आत. कागद वर गेलाय त्याचा.”

म्हातारीनं आपल्या कपाळावर क्रुसाची खूण केली, मग चाचपडत त्याच्याही कपाळावर केली. “मग थांबते मी,” ती म्हणाली.

जेसिकानं पानांचा भारा बांधला. थॉमसनं तो खांद्यावर घेतला आणि हरेश्वरच्या मागोमाग, दोन पावलं अंतर ठेवून, रस्त्यापर्यंत आला. स्कूटरवर भारा चढवला, सुतळीनं आवळला. हरेश्वरला वाटलं, काहीतरी बोलावं. म्हातारीसाठी बोललो रे, एवढं तरी. पण ते काय सांगायचं? आठ वर्षं आत काढलेल्या माणसाला आपली फाइल कळत नाही होय?

“रजा संपेल त्या दिवशी वेळेवर हजर हो,” तो म्हणाला आणि त्यानं किल्ली फिरवली.

“हो, साहेब.”

थॉमस बाजूला झाला नाही. त्याचा एक हात अजून स्कूटरच्या हँडलवर होता. आठ वर्षांत पहिल्यांदा तो मान वर करून हरेश्वरच्या तोंडाकडे बघत होता.

“साहेब,” घराकडे एकदा बघून घेत त्यानं हळूच विचारलं, “कागद कधी गेला वर?”