देवदाराची खेप

दादाने मेणबत्ती नाकापाशी धरली, डोळे मिटले, आणि मग ती टेबलावर आपटली.

"यात वास कुठे आहे?"

बहिणीने मेण ढवळता ढवळता मान वर केली. "आहे की."

"कुठे? मला दाखव तरी. चिंगे, दुपारी हॉटेलच्या बाई येणार आहेत. त्यांना देवदार हवाय. नुसतं मेण त्यांना कुठल्याही दुकानात मिळेल."

चिंगी पुन्हा मेण ढवळू लागली. पूर्वी याच तोंडातून एकाला चार उत्तरं यायची. नवऱ्याचं घर सोडून ती कारखान्याच्या वरच्या खोलीत राहायला आली आणि तोंडाला कुलूपच लागलं.

हॉटेलची ऑर्डर मिळाली तर कारखाना वर्षभर चालणार होता. नाही मिळाली तर बाबांच्या मागे दादाने जेमतेम तग धरून ठेवलेलं हे सगळं बंद होणार होतं. एवढं सरळ होतं.

बाबांचा नियम तो अजून पाळत होता. कच्चा अर्क थेट हुंगायचा नाही, नाक दिवसभर कामातून जातं. मेणबत्ती गार झाल्यावर, सकाळी बाहेरून आल्या आल्या हुंगायची, कारण आत बसून नाकाला वासाची सवय होते. त्या नियमाप्रमाणे रोज सकाळी तो हुंगत होता, आणि रोज हाती भोपळा.

दोष त्याचाही होता म्हणा. तो शिडीवरून पडला, डोक्याला मागे टाके पडले, वजन उचलायला डॉक्टरांनी मनाई केली. तेव्हा मेण ओतायचं काम त्याने चिंगीकडे दिलं. तिचंही मन रमेल असं वाटलं होतं. पण मन थाऱ्यावर असेल तर रमणार ना! कोपऱ्यात जाऊन फोनवर कुजबुजायची, दादा आला की "नंतर बोलते" म्हणून ठेवून द्यायची. मागे एकदा तर दिवसभर तिच्या डोळ्यांना धार लागली होती. त्याच दिवशी तिने आख्खी खेप पुन्हा वितळवली. रंग बिघडला म्हणे.

घरी बायकोला सांगावं तर ती नणंदेच्याच बाजूची. "तिच्यावर चिडू नकोस," एवढंच. नणंदेच्या काळजीत तिचं स्वयंपाकातही लक्ष उरलं नव्हतं. हल्ली जेवणाला ना चव ना ढव.

शेवटी दादानेच मार्ग काढला होता. वातींच्या खोक्यामागे त्याने अर्काची एक तपकिरी बाटली लपवली होती. चिंगीची पाठ वळली की तो पातेल्यात चमचाभर ओतायचा. काल रात्रीच्या खेपेतही ओतला होता, तरीही आज ही गत! म्हणजे ही पोरगी अर्क घालायलाच विसरत होती.

"वरचा थर ओतायचाय अजून," चिंगी म्हणाली. गार होताना मेणबत्तीच्या मधोमध खळगा पडतो, तो भरायचा असतो. "मेण तापलंय. आलेच मी." बाजूच्या गॅसवर चहाचं दूध ठेवून, फोन घेऊन ती अंगणात गेली.

दादाने खोक्यामागून बाटली काढली आणि आज सरळ दोन चमचे ओतले. बाटली जागेवर ठेवून तो टेबलाशी खोकी जुळवत बसला.

थोड्या वेळाने चिंगी धावत आत आली. "दादा! दूध करपलं! तू इथेच बसला होतास ना?"

"मी काय दूध राखायला बसलोय? गॅसवर ठेवून फोनवर तू गेलीस."

काळं पडलेलं भांडं तिने मोरीत टाकलं आणि त्याच्याकडे बघत राहिली. रागाने बघितलं असतं तर बरं, असं तिचं बघणं होतं.

त्याच क्षणी त्याने ठरवून टाकलं. आज बाई गेल्या की सांगायचं. कारखान्यात यायचं नाही, आणि राहायचं दुसरीकडे बघ. बहीण असली म्हणून काय झालं?

बाई आल्या. त्यांनी खोक्यातली एक मेणबत्ती उचलली, जवळ धरली, लांब धरली. दुसरी उचलली. मग बाहेर रस्त्यावर जाऊन आल्या आणि तिसरी घेतली. दादाच्या हातातला कागदी कप चेपला गेला.

"पहिल्या नमुन्यासारखाच," बाई म्हणाल्या. "तसूभर फरक नाही. खूपच छान. वर्षभराचं नक्की समजा."

गाडी वळेपर्यंत तो दारात उभा होता. वाचलो. दोन चमच्यांनी वाचवलं. मग मनातली वाक्यं पुन्हा एकदा जुळवून तो मागे गेला.

निळ्या झाकणाच्या पिंपाशी चिंगी उकिडवी बसली होती. त्या पिंपात साचे पुसायचं बिनवासाचं तेल असायचं. तिच्या हातात त्याची तपकिरी बाटली होती आणि ती त्यात पिंपातलं तेल भरत होती.

"हे काय चाललंय?"

"आज दोन चमचे घातलेस ना. संपत आली होती."

मनातलं एकही वाक्य त्याला आठवेना. "यात... हे तेल होतं?"

"पहिल्या दिवशी नव्हतं. त्या दिवशी तू ओतलंस आणि माझे डोळे चुरचुरून लाल झाले. ती खेप मी वितळवली, बाटलीतला अर्क काढून हे तेल भरलं."

"मग बाईंना वास आला तो?"

"रोज मोजून घालतेय तोच." तिने बाटलीचं बूच लावलं. "वहिनीने उद्या सकाळची डॉक्टरांची वेळ घेतलीय. आम्ही म्हटलं, आधी ऑर्डर मिळू दे, मग सांगू."

"कसला डॉक्टर? मला काय धाड भरलीय?"

चिंगीने फळीवरून देवदाराच्या अर्काची मोठी बाटली काढली. "बाबांचा नियम आज एकदा मोडू. हुंग."

सवयीने त्याने डोळे मिटले आणि श्वास घेतला. मग आणखी एक, पार पोटापर्यंत.

"आधी झाकण तर काढ," तो वैतागून म्हणाला आणि त्याने डोळे उघडले.

झाकण तिच्या दुसऱ्या हातात होतं.