रजिस्टरातला कीबोर्ड

नागपुरातल्या त्या सरकारी कचेरीत नवे कीबोर्ड यायचे आणि वर्षभरात त्यांची बटणं अडकायला लागायची. मोनालीच्या टेबलावरचा मात्र तिच्याही आधीपासूनचा. खाली पोलादी पत्रा, प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्प्रिंग, उचलायला विटेसारखा जड. एका एजन्सीमार्फत, अकरा-अकरा महिन्यांच्या कंत्राटावर चौदा वर्षं तिनं तो दिवसभर बडवला. बोटं आखडली तिची, पण त्याचं एक बटण ढिलं पडलं नाही.

आज सामान आवरताना तिनं स्टोअर सांभाळणाऱ्या चंपतरावांना विचारलं, "काका, हा नेऊ का घरी? माझ्या मागं कोणी हात नाही लावणार याले."

चंपतराव अवघडले. "नाही देता येत, बाई. डेड स्टॉक रजिस्टरात नंबर हाय त्याचा. त्याले काढाचं म्हटलं तं तीन सायबांची कमिटी बसते, तिघांच्या सह्या होतात, मंग वरून मंजुरी येते."

मोनालीनं कीबोर्ड पुसून जागेवर ठेवला.



तिला काढायला सकाळी एजन्सीचा एक फोन पुरला होता.