मुरलेली वाइन

होणारे व्याही, कारखानीस, सपत्नीक पहिल्यांदाच जेवायला आले, तेव्हा सुहास टिपणिसांनी कपाटाच्या तळातून रेड वाइनची बाटली काढली. लेक केतकी दहावी पास झाली, त्या वर्षी ती त्यांनी दिंडोरीहून आणली होती. वाइन जितकी जुनी तितकी मुरते, हे त्यांनी घरात सगळ्यांना तोंडपाठ करून सोडलं होतं. रेडसोबत मटणच हवं, हा हुकूमही त्यांचाच. त्यांच्या पत्नी मृणालताईंनी तो हसत हसत पाळला होता.

सुहासरावांनी ग्लास गोल फिरवला, डोळे मिटून वास घेतला आणि ऐटीत घोट घेतला. वाइनचा चक्क व्हिनेगर झाला होता! लेकीच्या सासऱ्यांसमोर आता कसली अब्रू राहणार?

तेवढ्यात कारखानीस म्हणाले, "वा! मुरलेली चव लगेच कळते हो." सुहासरावांचा जीव भांड्यात पडला. आता गप्पच बसावं, असं त्यांनी ठरवलं. पण कारखानिसांनी दुसरा घोट घेतला आणि त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते पाहून सुहासरावांना राहवेना.

"थांबा, पिऊ नका. खराब झालीय ती."

कारखानिसांनी ग्लास झटकन खाली ठेवला. "बरं झालं बोललात! मला वाटलं, भारी वाइन अशीच लागते."

मृणालताईंनी हसू दाबत विचारलं, "मग आपलं जमलं म्हणायचं ना?"

"अहो, जमवायचं नसतं तर दुसरा घोट कशाला गिळला असता?"