तांदळाएवढा उंचवटा

"परत टोचतोय?" मिस्त्रीने मान वर न करता विचारलं.

"थोडा." ड्रायव्हरने बाकावर बसून नकली पाय काढला. आतला मोजा रक्ताने चिकटला होता. "पाय तुमचा झकास आहे हो. माझीच तंगडी नखरेल. रविवारी चर्चला पायी जातो ना, तेव्हाच जास्त."

चौथी खेप. शेजारी त्याची ती नेहमीची लांबडी पिशवी. दुसरा कुणी असता तर शिव्या घालून निघून गेला असता. हा मात्र हसायचा, आणि मिस्त्रीला नेमकं तेच सोसायचं नाही.

कारण टोचणं मिस्त्रीनेच ठेवलं होतं. नकली पायाच्या वाटीत, हाड टेकतं तिथेच, तांदळाएवढा उंचवटा. दर वेळी तो कानस फिरवल्याचं नुसतं नाटक करायचा.

दारूच्या नशेत गाडी ठोकून या माणसाने स्वतःचा पाय घालवला होता, आणि मिस्त्रीचा मुलगा. कोर्टात मिस्त्री मागच्या बाकावर असायचा. याने एकदाही वळून पाहिलं नव्हतं. आपण कोण, याला काय पत्ता!

मिस्त्रीही चर्चला जायचा. प्रार्थनेत क्षमेची ओळ आली की त्याचे ओठ मिटायचे. काल बायको म्हणाली, "अहो, ती ओळ किती दिवस गिळणार?"

"तुला कसं कळलं?"

"पंचवीस वर्षं शेजारी उभी आहे."

मिस्त्री थकला होता. राग सांभाळायलाही अंगात ताकद लागते.

त्याने कानस उचलली. या वेळी खरंच घासलं. पांढरा भुगा मांडीवर पडत राहिला. आतून बोट फिरवलं. गुळगुळीत.

"चालून बघा."

ड्रायव्हर आधाराच्या दोन दांड्यांच्या मधून गेला, वळला, परत आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"टोचत नाही," तो हळूच म्हणाला.

"आता नाही टोचणार." मिस्त्रीने कानस खाली ठेवली. "इतके दिवस मीच मुद्दाम..."

"ठाऊक आहे, मिस्त्री."

ड्रायव्हरने पिशवी पुढे ओढली, चेन उघडली. आत दुसरा नकली पाय होता. टाच झिजलेली, वापरून वापरून मऊ झालेला.

"सहा वर्षं याच्यावर चालतोय. एकदा टोचला नाही," तो म्हणाला. "फक्त चर्चला जाताना तुमचा घालतो. तुमच्या मुलासाठी."